पद्मिनीचे पुढचे ब्रेक आणि मारुतीचे स्ट्रट

प्रश्न : माझ्याकडे वडिलांची 1978 सालची प्रीमियर पद्मिनी आहे. शहरात ती उत्तम चालते. परंतु समृद्धी महामार्गाने तिच्यातून शिर्डीला जाण्याची इच्छा आहे आणि ताशी 80 किलोमीटरच्या पुढे ब्रेकचा भरवसा वाटत नाही. हिंगणा मार्गावरील एक मिस्त्री मारुती 800 चे डिस्क ब्रेक आणि तिचेच स्ट्रट पुढे बसवून देण्यास तयार आहेत. हे काम करून घ्यावे का?
– एक वाचक, धंतोली, नागपूर

उत्तर : डिस्क ब्रेक बसवता येतील, मात्र मारुतीचे नव्हेत, आणि स्ट्रटचा विचार आपण पूर्णपणे सोडून द्यावा, असे आमचे स्पष्ट मत आहे.

आपल्या गाडीचा मूळ आराखडा 1953 च्या फियाट 1100 चा आहे. तिच्या पुढच्या प्रत्येक चाकाला वर एक आणि खाली एक असे दोन आर्म धरून ठेवतात, तर कॉइल स्प्रिंग व शॉकॲब्सॉर्बर यांच्याकडे केवळ वजन आणि धक्के झेलण्याचे काम असते. स्ट्रट म्हणजे स्प्रिंग आणि शॉकॲब्सॉर्बर यांचा एकत्र उभा खांब. त्याच्या रचनेत वरचा आर्म नसतोच. शॉकॲब्सॉर्बरचा दांडाच चाकाला वरून धरतो, त्यामुळे वळणावरचा आणि ब्रेक दाबतानाचा आडवा जोर मडगार्डच्या आतील पत्र्यावर येतो. मारुतीचा हा पत्रा त्या जोरासाठीच घडवलेला आहे, पद्मिनीचा नाही. तो कापून, पट्ट्या जोडून, वेल्डिंग करून स्ट्रट उभा करता येईलही. पण चाकाचा कल बदलेल आणि स्टिअरिंगच्या दांड्यांची हालचाल चाकाच्या वरखाली होण्याशी जुळणार नाही, म्हणजे खड्ड्यातून जाताना स्टिअरिंग न फिरवताही गाडी दिशा सोडेल. महामार्गाच्या वेगाला हा दोष ब्रेकच्या दोषापेक्षाही घातक आहे.

शिवाय मारुती पुढच्या चाकांनी चालणारी गाडी असल्यामुळे तिचा हब, म्हणजे चाक ज्यावर बसते तो भाग, ड्राइव्ह शाफ्टसाठी (इंजिनचा जोर चाकाला देणाऱ्या दांड्यासाठी) बनवलेला असतो, आणि तिची डिस्क साधारण 650 किलो वजनाच्या व 12 इंची चाकांच्या गाडीसाठी योजलेली आहे. पद्मिनी तिच्याहून दोनशे किलोंहून अधिक जड आहे. डिस्क बसवायचीच असेल, तर मागच्या चाकांनी चालणाऱ्या आणि पुढे डिस्क असलेल्या प्रीमियर 118 एनईचे सुटे भाग पाहणे अधिक सयुक्तिक ठरेल. तरीही कॅलिपर (डिस्कवर दोन्ही बाजूंनी पॅड दाबणारा भाग) धरणारा ब्रॅकेट जाड पोलादातून, मापे घेऊन, चांगल्या लेथ कारागिराकडूनच करून घ्यावा.

आता मुख्य मुद्दा ब्रेकचा. आपल्या गाडीला ड्रम ब्रेक आहेत, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या डब्याला आतून शू नावाचे वक्र पट्टे दाबले जातात. वेग 60 वरून 100 वर गेला, की थांबवायची ऊर्जा जवळजवळ पावणेतीन पट होते आणि ती सगळी उष्णता होऊन ड्रममध्ये साठते. नागपूरच्या मे महिन्यात ड्रमला थंड व्हायला तशीही फारशी सवड मिळत नाही. उघडी डिस्क लवकर निवते आणि पावसात भिजल्यावर लवकर कोरडी होते, म्हणून आपली इच्छा योग्यच आहे. मात्र ड्रममधील पुढचा शू फिरत्या ड्रममुळे आपणहून अधिक घट्ट दाबला जातो. डिस्कमध्ये ही मदत मिळत नाही, तिला ब्रेक ऑइलचा दाब अधिक लागतो. म्हणून केवळ पुढचे भाग बदलून जुनाच मास्टर सिलिंडर (पॅडल दाबल्यावर ऑइलवर दाब आणणारा भाग) ठेवला, तर पॅडल दगडासारखे कठीण लागेल आणि गाडी पूर्वीपेक्षाही उशिरा थांबेल. डिस्कसोबत पायाच्या जोराला मदत करणारा व्हॅक्यूम बूस्टर आणि कॅलिपरला जुळणाऱ्या व्यासाचा मास्टर सिलिंडर आवश्यक आहे. ड्रमच्या मास्टर सिलिंडरमध्ये थोडा दाब कायम राखणारा व्हॉल्व्ह असतो. तो डिस्कच्या वाटेत राहिला, तर पॅड सतत घासत राहतात. हा व्हॉल्व्ह काढला का, हे मिस्त्रींना आवर्जून विचारावे.

याहूनही आधी करण्याचे एक काम आहे आणि त्याकडे बहुतेकांचे दुर्लक्ष होते. आपल्या गाडीत चारही चाकांना एकाच मार्गाने ऑइल जाते. एक होज, म्हणजे ऑइलची लवचीक नळी, फुटला, की पॅडल थेट तळाला जाते. दोन स्वतंत्र मार्गांचा मास्टर सिलिंडर बसवणे ही डिस्कपेक्षाही मोठी सुधारणा आहे. सोबत सर्व रबरी होज नवे घ्यावेत, ड्रम गोल आहेत का ते तपासावे आणि ऑइल डॉट 4 दर्जाचे भरावे. कोरड्या डॉट 3 चा उत्कलनबिंदू किमान 205 अंश सेल्सियस असतो, डॉट 4 चा 230. मात्र हवेतील ओलावा शोषून तो अनुक्रमे 140 आणि 155 पर्यंत उतरू शकतो, म्हणून ऑइल दर दोन वर्षांनी बदलावे. ब्रेकच्या नळ्यांतील हवा काढताना मागच्या डाव्या, म्हणजे सर्वांत दूरच्या चाकापासून सुरुवात करावी.

पुढच्या सस्पेंशनसाठी किंगपिन (ज्या खिळीवर पुढचे चाक वळते ती), आर्मचे बुश आणि दोन्ही शॉकॲब्सॉर्बर नवे बसवून अलाइनमेंट केले, तरी गाडीत जाणवण्याइतका फरक पडेल.

कायद्याची बाजूही ध्यानात घ्यावी. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे नोंदणीतील तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाही, तेव्हा कामाआधी प्रादेशिक परिवहन कार्यालयात विचारणा करावी. 2021 च्या नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपातील गाडीची व्हिंटेज म्हणून नोंदणी होते आणि सांगाडा, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा फेरफार केलेली गाडी त्यात बसत नाही. आपली गाडी 2028 मध्ये पन्नाशी गाठेल. स्ट्रटसाठी पत्रा कापला, तर हा मान जाईल. उलट नटबोल्टने बसवलेले ब्रेक पुन्हा काढता येतात, म्हणून जुने ड्रम आणि शू जपून ठेवावेत.

प्रश्न : माझ्या 1990 च्या मारुती 800 चा पुढचा डावा स्ट्रट गळतो आहे. एकच बदलला तर चालेल का?
– एक वाचक, महाल, नागपूर

उत्तर : दोन्ही एकाच वेळी बदलावेत. नवा आणि झिजलेला स्ट्रट एकत्र असतील, तर खडबडीत रस्त्यावर दोन चाकांची पकड वेगवेगळी राहते आणि ब्रेक दाबताना गाडी एका बाजूला ओढू शकते. वरचे रबरी माउंट आणि बेअरिंग त्याच वेळी तपासावे, कारण स्टिअरिंग वळवताना येणारा खडखडाट पुष्कळदा तिथलाच असतो. दाबलेल्या स्प्रिंगमध्ये प्राणघातक जोर साठलेला असल्यामुळे स्प्रिंग दाबून धरणारा कॉम्प्रेसर न लावता वरचा नट कोणालाही उघडू देऊ नये. काम झाल्यावर अलाइनमेंट करून घ्यावे.