हवेची गादी आहे, तरी चट्टा का?

प्रश्न : पक्षाघातामुळे सासूबाई चार महिने अंथरुणाला खिळून आहेत. पंपाची हवेची गादी घेतली, तरी माकडहाडावर लाल चट्टा उठलाय. गादी खराब आहे का?

उत्तर : आधी चट्टा बोटाने दाबून बघा. बोट काढल्यावरही तो लालच राहिला, पांढुरका पडला नाही, तर ती शय्याव्रणाची, म्हणजे सतत पडून राहिल्याने होणाऱ्या जखमेची, सुरुवात आहे. डॉक्टरांना आजच दाखवा. तिथे चोळू मात्र नका, आतली कातडी आणखी दुखावते.

मग गादी तपासा. सासूबाई निजलेल्या असताना माकडहाडाच्या बरोबर खाली, हवेच्या गादीखालून तळहात सरकवा. हाड हाताला टेकलं तर हवा कमी आहे. मध्ये साधारण 2.5 सेंमी हवेचा थर हवा. पंपाचं बटण वजनाप्रमाणे फिरवा. फार टणक गादीही तितकीच वाईट. नळी पलंगाच्या कडेला दुमडलेली नाही ना, तेही बघा. बहुतेक घरांत चूक होते ती वरच्या थरांत: गोधडी, त्यावर रबरी कापड, त्यावर चादर. मग हवेचा उपयोग उरतच नाही! एकच पातळ सुती चादर, सैल घातलेली, पुरे.

गादी असली तरी दर दोन तासांनी कूस बदलायचीच. पाठीमागे उशी लावून 30 अंशांचा कल द्या, पोटऱ्यांखाली उशी ठेवून टाचा अधांतरी ठेवा. डोक्याकडची बाजू जेवणापुरतीच वर करा, तीही गुडघे आधी उचलून. नाहीतर अंग खाली घसरतं आणि कातडी ओढली जाते. वीज गेली की कूस लवकर बदला.