आवडती पुस्तकं, चित्रपट, संगीत नाटकं: गाणं कधी सुरू होतं आणि कधी थांबतं

तुम्ही विचारलंय की आवडती पुस्तकं, चित्रपट आणि संगीत नाटकं कोणती, आणि का. खाली जाता जाता एक तक्रारही जोडली आहे: संगीत नाटक पाहताना कंटाळा येतो, कारण गाणं आलं की गोष्ट जागच्या जागी थांबते. मूळ प्रश्नापेक्षा मला ही तक्रारच जास्त आवडली. तिचं उत्तर द्यायला बसलो तर माझी आवडती यादी आपोआपच येईल.

गोष्ट थांबते, हे खरं आहे. ‘संगीत मानापमान’ (1911) मी ऐकतो, पाहत नाही. गोविंदराव टेंब्यांच्या चाली एकेक करून ऐकाव्यात, धैर्यधर आणि भामिनीचं पुढं काय होणार याची मला फारशी फिकीर नसते. प्रेक्षकांनाही नसावी. एकेका पदाला वन्समोर घेत रात्र रात्र प्रयोग रंगायचे, ते काही कथानकाच्या उत्सुकतेपोटी नव्हे. 8 जुलै 1921 ला बालगंधर्व आणि केशवराव भोसले यांनी टिळक स्वराज्य फंडासाठी ‘संयुक्त मानापमान’ केलं, ते पाहायला लोक गेले ते दोन गळे एका रंगमंचावर ऐकायला. त्याला मैफल म्हणा, माझी काही हरकत नाही. मैफलीत गोष्ट थांबली म्हणून कुणी कुरकुरत नाही.

‘सौभद्र’ (1882) मात्र मला नाटक म्हणूनच आवडतं. अर्जुनाला सुभद्रा मिळणार हे पडदा उघडायच्या आधीच सगळ्यांना ठाऊक असतं. बलरामदादांना बहिणीसाठी दुर्योधन हवाय, कृष्ण आतून सूत्रं हलवतोय आणि वर साळसूद चेहरा ठेवतोय. किर्लोस्करांनी या देवादिकांना एखाद्या मोठ्या एकत्र कुटुंबातल्या माणसांसारखं बोलायला लावलं. रुसवे काढणं, कानगोष्टी, थोरल्या भावाचा धाक, सगळं आहे. गोष्ट माहीत असल्यामुळे ती थांबण्याचा प्रश्नच उरत नाही. कोण कसं रुसतं आणि कोण कसं समजावतं, एवढंच बघायचं असतं, आणि रुसायला-समजवायला गाण्याइतकी सोयीची जागा नाही.

तरी माझ्या मनात वरचा नंबर ‘शारदे’चा. गोविंद बल्लाळ देवलांनी 1899 मध्ये जरठ-कुमारी विवाहावर लिहिलेलं नाटक. पैशाला हपापलेला बाप, विकली जाणारी मुलगी आणि भुजंगनाथ नावाचा म्हातारा नवरदेव. यातलं ‘म्हातारा इतुका न, अवघे पाऊणशे वयमान’ हे पद ज्यांनी नाटक पाहिलेलं नाही त्यांनाही ठाऊक असतं. हे गाणं गोष्ट थांबवत नाही. सरळ वाक्यात जी शिवी देता येत नाही ती ते कौतुकाच्या चालीत देतं. छे, म्हातारा कुठला, पंच्याहत्तरीच तर आहे! चाल खेळकर, शब्द गोड आणि मुलीचं आयुष्य चाललंय. कुणी व्यासपीठावर उभं राहून भाषण केलं असतं तर ते एव्हाना विसरलो असतो.

(एक बाजूची गोष्ट. 1929 च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्याला ‘शारदा कायदा’ म्हणतात ते या नाटकावरून, असं अनेकांना वाटतं. ते नाव तो कायदा मांडणाऱ्या हरबिलास सारडा यांचं. गोड गैरसमज आहे, पण गैरसमजच.)

‘शारदे’त मला खटकतं ते एकच. वधू-वर सगोत्र निघतात म्हणून लग्न ऐनवेळी मोडतं. म्हणजे अन्याय थांबतो तो अन्याय आहे म्हणून नव्हे, शास्त्रात बसत नाही म्हणून. त्या काळी प्रेक्षकाला पटेल अशी ती पळवाट होती हे समजतं, पण पळवाटच.

आणि इथेच ‘कुंकू’ची (1937) आठवण होते. व्ही. शांताराम यांचा प्रभातचा चित्रपट, ना. ह. आपट्यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ कादंबरीवरचा. विषय तोच: म्हातारा वकील, तरुण नवरी. फरक एवढाच की शारदेचं लग्न मोडतं आणि नीराचं होऊन जातं. मग नीरा त्या घरात राहून त्या लग्नाला नकार देते. शांता आपटे गाणारी नटी, तिच्या तोंडी गाणीही आहेत. एक तर चक्क लाँगफेलोची इंग्रजी कविता आहे, ती आज थोडी विचित्रच वाटते. पण चित्रपटाला पार्श्वसंगीत जवळजवळ नाहीच. ऐकू येतात ते घरातले आणि रस्त्यावरचे आवाज. भिंतीवरचं जुनं घड्याळ टिकटिकत राहतं आणि म्हाताऱ्याच्या उरलेल्या वयाचा हिशेब ठेवतं. देवलांना जे सांगायला खोचक पद लागलं ते शांतारामांनी घड्याळावर सोपवलं. केशवराव दात्यांनी तो म्हातारा असा केलाय की त्याची चीड येता येता कीव येते, आणि कीव आली याची पुन्हा चीड येते. भुजंगनाथाच्या बाबतीत असं होत नाही. तो हसण्यावारीच जातो.

एकच दुखणं, मध्ये 38 वर्षं, एकाने गाण्याने दाखवलं आणि दुसऱ्याने गाणं आवरून. या जोडीने मला माझी आवड नीट कळली. गाणं जिथं सुरू झाल्याशिवाय राहवत नाही, किंवा जिथं ते थांबवल्याशिवाय गत्यंतर नाही, अशा जागा ज्या कलाकृतीत असतात त्या मला आवडतात. नुसत्या सजावटीच्या गाण्याशी माझंही तुमच्यासारखंच जमत नाही.

परदेशी संगीतपटांतले माझे दोन लाडके याच मापाने निवडलेत. ‘कॅबरे’ (1972, दिग्दर्शक बॉब फॉसी) हा मूळ रंगमंचावरचा खेळ. तिथे पात्रं क्लबबाहेरही गायची. फॉसीने ती गाणी काढून टाकली आणि सगळं गाणं बर्लिनच्या त्या एका नाइटक्लबच्या रंगमंचावर आणून बसवलं. बाहेर माणसं साधी बोलतात, आत मेकअप थापून गातात. अपवाद एकच. उन्हात, बागेतल्या मद्यालयात एक गोरागोमटा पोरगा उभा राहून गोड आवाजात गाऊ लागतो. कॅमेरा त्याच्या चेहऱ्यावरून खाली येतो तेव्हा अंगावरचा नाझी गणवेश दिसतो. मग एकेक जण उठतो, सूर मिसळतो, शेवटी जवळजवळ सगळी बाग गात असते आणि एक म्हातारा तेवढा बसून राहतो. इतका वेळ गाणं क्लबात कोंडून ठेवलं नसतं तर ते बाहेर आल्याची भीती वाटली नसती. त्या वर्षीची आठ ऑस्कर या चित्रपटाला मिळाली. सर्वोत्तम चित्रपटाचं ‘गॉडफादर’ला गेलं, त्याबद्दल भांडायला मी तयार नाही.

दुसरा याच्या अगदी उलट. झाक देमी यांचा ‘शेरबुर्गच्या छत्र्या’ (1964, संगीत मिशेल लग्रां), फ्रेंच. यात बोलणं नाहीच, प्रत्येक वाक्य गायलेलं. सुरुवातीलाच गॅरेजमधला एक कामगार म्हणतो की मला ऑपेरा आवडत नाही, सगळे गात काय असतात, त्यापेक्षा सिनेमा बरा. आणि हे तो गाऊनच म्हणतो! तुमची तक्रार दिग्दर्शकाने पहिल्या पाच-दहा मिनिटांत स्वतःच मांडून टाकली आहे. पुढे अल्जीरियाचं युद्ध, ताटातूट, वाट न पाहणं, दुसऱ्याशी लग्न. शेवटी बर्फात, पेट्रोल पंपावर ते एकेकाळचे प्रेमी भेटतात आणि गाडीत कुठलं पेट्रोल भरायचं, साधं की सुपर, हेही गाण्यातच विचारलं जातं. गाणं सगळीकडे असलं की ते बोलण्याइतकंच साधं होतं, आणि मग इतक्या किरकोळ वाक्यालाही रडू येतं. हा प्रयोग प्रत्येकाला जमेल असं मला वाटत नाही. देमी यांना जमला.

‘माय फेअर लेडी’बद्दल थोडक्यात. फुलं विकणाऱ्या एलायझाच्या तोंडून पहिल्यांदा शुद्ध उच्चार निघतो त्या क्षणी गाणं सुरू होतं, ही जागा पक्की. बाकी मी त्याच गोष्टीवरच्या पुलंच्या ‘ती फुलराणी’कडेच (1975) जातो. ते संगीत नाटक नाही, तरी ‘तुला शिकवीन चांगलाच धडा’ हे मंजुळाचं स्वगत भक्ती बर्वेंच्या आवाजात ऐकलं की चाल नसलेलं पद ऐकल्यासारखं वाटतं.

आता तुमच्या तक्रारीवरचा माझा खरा पुरावा. ‘कट्यार काळजात घुसली’ (1967). पुरुषोत्तम दारव्हेकरांचं नाटक, जितेंद्र अभिषेकींचं संगीत, खाँसाहेबांच्या भूमिकेत वसंतराव देशपांडे. यात गाणं थांबवलं तर गोष्टच उरत नाही, कारण भांडण गाण्यावरूनच आहे. दोन गायक, दोन घराणी, दरबारी गायकाचं पद, आणि त्याबरोबर मिळणारी कट्यार, जिने केलेला एक खून माफ. ‘घेई छंद मकरंद’ हे एकच पद दोन वेगळ्या चालींत, दोन गायकींत येतं. शब्द तेच, गाणारा बदलला की माणूस बदलतो. हे संवादांतून सांगायचं म्हटलं तर दोन अंक लागतील आणि तरी पटणार नाही. जिंकलेल्या खाँसाहेबांना आपण जिंकलो असं वाटत नाही, हेही शब्दांआधी त्यांच्या तानेतूनच कळतं.

2015 चा सुबोध भावे यांचा चित्रपट मला निम्मा आवडला. खाँसाहेब झालेत सचिन पिळगावकर, गळा राहुल देशपांडे यांचा, म्हणजे वसंतरावांच्या नातवाचा. आवाज वारशाने चालत आलेला, तक्रारीला जागा नाही. पण रंगमंचावर ताण दिसतो, मानेची शीर दिसते, पुढची सम (तालाची पहिली मात्रा) गाठेल की नाही याची धाकधूक असते. पडद्यावर ऐन तानेत दृश्य बदलतं, महाल दिसतो, दुसऱ्याचा चेहरा दिसतो, आणि ती धाकधूक निघून जाते. भव्यता मिळाली, जोखीम गेली. अनेकांना उलट वाटतं आणि त्या चित्रपटामुळे कितीतरी तरुण मुलं नाट्यपदं ऐकू लागली, हेही मी नाकारत नाही.

पुस्तकांत गाणं नसतं असं तुम्ही म्हणाल. ‘कोसला’ (1963) वाचा. नेमाड्यांचा पांडुरंग सांगवीकर प्रत्येक गोष्टीची टर उडवतो: कॉलेज, मित्र, बाप, स्वतः. मग धाकटी बहीण मनी देवीच्या साथीत जाते आणि टर उडवणारी ती भाषा मोडते. वाक्यं तुटतात, पुन्हा पुन्हा तेच शब्द येतात, गद्याचा विलाप होतो. संगीत नाटकात पात्र बोलता बोलता गाऊ लागतं ना, अगदी तसं. या कादंबरीचा चित्रपट व्हावा असं मला अजिबात वाटत नाही. घटना दाखवता येतील, तो आवाज कुठून आणणार?

लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ माझ्या उशाशी असते. कुठलंही पान उघडावं. वडिलांचं सोवळ्याचं भयंकर वेड, नवऱ्याचं न सांगता निघून जाणं, त्याचं धर्मांतर, ताटातूट. यातल्या कशावरही एक करुण पद सहज रचता आलं असतं. बाई मात्र हसत सांगतात, आणि ज्या ठिकाणी रडायला हवं तिथं पुढच्या किश्श्याकडे वळतात. ‘कुंकू’तल्या संगीत नसलेल्या जागांशी माझ्या मनात याचं नातं आहे.

नव्यातलं एकच सांगतो, ‘सैराट’ (2016). अजय-अतुल यांची चारही गाणी पूर्वार्धात. प्रेम आहे तोवर वाद्यवृंद घुमतो, शेतं, विहिरी, सगळं गातं. पळून गेल्यावर गाणं संपतं. खोली, भाडं, काम, भांडणं. आणि शेवटी तर नागराज मंजुळे आवाजच काढून घेतात, त्या जोडप्याचं लहान मूल रक्ताची पावलं उमटवत चालत बाहेर जातं तेव्हा पडद्यावर काहीच ऐकू येत नाही. लोक ‘झिंगाट’वर नाचायला गेले आणि बाहेर पडताना कुणी कुणाशी बोलत नव्हतं. पहिल्या अर्ध्यात एवढं गाणं दिलं नसतं तर ती शांतता एवढी भारी पडली नसती.

तेव्हा तुम्हाला पुन्हा एकदा प्रयत्न करायचा असेल तर ‘मानापमान’पासून सुरुवात करू नका. ‘कट्यार’च्या प्रयोगाचं ध्वनिमुद्रण आधी ऐका, शक्यतो संवादांसकट. आवडलं तर ‘शारदा’ वाचून काढा. फार मोठं नाही. मग त्याच आठवड्यात ‘कुंकू’ बघा. क्रम उलटा केलात तर देवलांचं नाटक बाळबोध वाटेल, आणि त्यात नाटकाचा दोष नसेल.