जांभळाचा गर आणि जुलैचं कर्ज: सही करण्याआधी हे बघा

ताई, तुमची पोस्ट वाचताना "शाखा म्हणते, जुलैमध्ये पैसे सोडू" या ओळीवर अडलो. बदलापूरजवळच्या गावातला दहा जणींचा बचत गट, जांभळाचा गर आणि सरबत, एका सदस्येच्या नावावर दहा लाखांचा प्रकल्प, पीएमएफएमईतून (केंद्राची सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांची योजना) 35 टक्के अनुदान, सहा महिने मोरॅटोरियम, म्हणजे हप्ते सुरू होण्याआधीची सवलत. आणि तुमचा प्रश्न, मंजुरीपत्रावर सही करू का?

माझं मत: या तारखांवर नको. मी सीए नाही, बँकेतही नाही. प्रक्रिया उद्योगात हात पोळलेला माणूस म्हणून लिहितोय, तेवढंच वजन द्या. उद्यम नोंदणी, फूड लायसन, सिबिल (कर्जफेडीचा गुणांक) हे तुमचं झालेलंच दिसतंय. मंजुरीआधी यंत्राचे पैसे द्यायचे नाहीत हेही माहीत असणार, म्हणून त्यात वेळ घालवत नाही.

आधी आकडे बघा. दहा लाखांतले एक लाख तुमचे, नऊ लाख बँकेचे. व्याज 11 टक्के धरू, मुदत मोरॅटोरियम सोडून पाच वर्षं. मोरॅटोरियममध्ये मुद्दल थांबतं, व्याज थांबत नाही. नऊ लाखांवर महिन्याला 8,250 रुपये. जुलै ते डिसेंबर झाले 49,500. जानेवारीपासून हप्ता सुरू, साधारण 19,570 रुपये. मे अखेरपर्यंत पाच हप्ते, म्हणजे जवळपास 98 हजार. जांभूळ झाडावर येतं मे अखेरीस, जूनमध्ये संपतं. म्हणजे पहिलं फळ पल्परमध्ये (गर काढायच्या यंत्रात) पडण्याआधी तुमच्या खिशातून दीड लाखाच्या आसपास गेलेले असतील, आणि विकायला एक बाटलीही नसेल.

लोक म्हणतात, अनुदान आहे ना! साडेतीन लाख तुमच्या हातात येत नाहीत. ते बँकेत तुमच्या कर्जाला जोडलेल्या वेगळ्या, म्हणजे मिरर खात्यात पडतात. कर्जाचा शेवटचा टप्पा उचलल्यापासून तीन वर्षांनी, खातं नियमित असेल आणि युनिट चालू असेल तर, ते तुमच्या कर्जात वळते होतात. मधे हप्ते नव्वद दिवसांपेक्षा जास्त थकले तर खातं एनपीए, म्हणजे बँकेच्या लेखी थकीत कर्ज. मग तीच रक्कम बँक थकबाकीत जमा करून घेते आणि ज्या सदस्येच्या नावावर कर्ज आहे तिचं सिबिल खराब होतं. दहा जणींचा धंदा, पण डाग एकीला. गटात हे मोठ्याने बोलून, इतिवृत्तात लिहून ठेवा.

आमच्या कोकमाच्या युनिटला सगळ्यात महाग पडलेली चूक सांगतो. प्रकल्प अहवाल वाचला नाही, सह्या केल्या. त्यात कामाचे दिवस 300 लिहिले होते, कारण अहवाल बनवणाऱ्याने आधीच्या मसाला युनिटची फाइल उघडून नाव बदललं होतं. वर एका कार्यालयाने एका शेऱ्यासाठी फाइल सात आठवडे ठेवली. नाव घेत नाही, घेऊन उपयोगही नाही. प्रत्येक वेळी "साहेब मीटिंगला ठाण्याला गेलेत". पैसे हंगाम उलटून गेल्यावर आले.

म्हणून तुमच्या अहवालाचं "वर्षातील कामाचे दिवस" हे पान आत्ता उघडा. तिथे 300 असेल तर बँकेच्या अधिकाऱ्याचा दोष नाही. बारा महिने चालणाऱ्या धंद्याला सहा महिने मोरॅटोरियम पुरतो, त्याने त्याच हिशोबाने दिलाय. निव्वळ जांभळाचे दिवस पंचवीस-तीस. अहवाल महिनावार हवा: एप्रिल-मे करवंद, जून जांभूळ, पुढे जुलै ते ऑक्टोबर साठवलेल्या गराचं सरबत आणि विक्री, नोव्हेंबर ते जानेवारी आवळा. पल्परला वेगळी चाळणी लागते, यंत्र तेच चालतं. आवळ्याचं तुमच्या पोस्टमध्ये नावच नाही, पण थंडीतला हप्ता तोच भरेल.

आता पर्याय. योजनेची मुदत आधी 2024-25 पर्यंत होती, मग 2025-26 पर्यंत वाढली. तुमच्या मंजुरीला कोणती तारीख लागू होते ते जिल्हा अधीक्षक कृषी अधिकारी कार्यालयातून लेखी घ्या, तोंडी नको. तारखेत जागा असेल तर मंजुरी राखून ठेवा, पैसे फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत उचला. मार्चमध्ये शाखेत वर्षअखेरीची धावपळ असते, कुणी वर बघत नाही. मंजुरीपत्रावर वैधता लिहिलेली असते, ती संपण्याआधी पुनर्वैधतेचा अर्ज द्या. यंत्र यायला महिना-दीड महिना धरा, एप्रिलमध्ये करवंदावर चाचणी, जूनमध्ये जांभूळ.

तारखेत जागा नसेल तर जुलैलाच घ्या, पण मोरॅटोरियम बारा महिन्यांचा मागा, सुधारित महिनावार तक्ता जोडून. व्याज 99 हजारांवर जाईल, हे खरं. पण आवळा नीट केला तर तेवढं निघू शकतं, आणि एनपीएची टांगती तलवार नको. कृषी पायाभूत सुविधा निधीची 3 टक्के व्याजसवलत पीएमएफएमईसोबत घेता येते, ती लागू होते का हेही शाखेला त्याच अर्जात विचारा. मिरर खात्यातल्या रकमेएवढ्या कर्जावर व्याज कसं धरणार, हे मंजुरीपत्रात लिहून घ्या.

एक बारीक गोष्ट कुणी सांगत नाही. तीन वर्षं मोजतात शेवटच्या टप्प्यापासून. तीस हजारांचं बाटली सील करायचं मशीन "नंतर घेऊ" म्हणून आठ महिने मागे ठेवलंत, तर अनुदानही आठ महिने पुढे ढकललं.

खेळतं भांडवल मात्र तुमच्या आकड्यात कुठेच दिसत नाही. समजा 80 रुपये किलोने दोन टन जांभूळ, तर 1 लाख 60 हजार, तेही तीन आठवड्यांत आणि रोख. झाडवाला उधारीवर देत नाही. मुदत कर्जातून फळ घेता येत नाही. बचत गटासाठी याच योजनेत प्रति सदस्य 40 हजारांपर्यंत बीज भांडवल आहे, खेळतं भांडवल आणि छोट्या अवजारांसाठी. गाव ग्रामीण हद्दीत असेल तर उमेदच्या (राज्याचं ग्रामीण जीवनोन्नती अभियान) तालुका कक्षाकडे जा. गट नगरपरिषदेच्या हद्दीत नोंदलेला असेल तर रस्ता वेगळा, नगरपरिषदेतून.

गाळ्याबद्दल. मालक अकरा महिन्यांचा करार देतो म्हणतोय, तो घेऊ नका. लिव्ह अँड लायसन्स साठ महिन्यांचा करता येतो, नोंदणी तशीही सक्तीचीच आहे. पाच वर्षांचं कर्ज आणि अकरा महिन्यांचा गाळा हे जमत नाही. करारात थ्री-फेज मीटरसाठी मालकाची संमती आत्ताच लिहून घ्या. तुमच्या कोटेशनवर पल्परची मोटर थ्री-फेज आहे, गाळ्यात सिंगल-फेज. महावितरणचा अर्ज यंत्राच्या ऑर्डरआधी.

पल्पर घेताना आत रबरी पट्ट्या आहेत ना, हात घालून बघा. धातूच्या पात्यांनी बी फुटते आणि गर कडवट-तुरट होतो. फळाला लागणारा प्रत्येक भाग 304 स्टेनलेसचा हवा, लोखंड लागलं की रंग काळवंडतो. टिकवायला केएमएस (पोटॅशियम मेटाबायसल्फाइट) नको. सल्फर डायऑक्साइडने जांभळाचा रंग उडतो, सोडियम बेन्झोएट वापरतात, नियमातल्या मर्यादेत. सरबत "स्क्वॅश" या नावाने विकणार असाल तर किमान 25 टक्के रस आणि 40 ब्रिक्स (विरघळलेल्या साखरेचं माप). ब्रिक्स मोजायला रिफ्रॅक्टोमीटर घ्याच, जिभेवर जाऊ नका.

डीआरपी, म्हणजे योजनेच्या अर्जाला मदत करणारी जिल्हा संसाधन व्यक्ती, तिचं मानधन योजनेतून मिळतं. "फाइलचे दोन टक्के" मागणारा दुसराच कुणी असतो, त्याला चहा पाजा आणि वाटेला लावा.

मार्गदर्शक कोण घ्यावा, हेही विचारलंत. दोन दिवसांचं प्रशिक्षण प्रमाणपत्रापुरतं ठीक. माझ्या मते दोन हंगाम काढलेलं एखादं गर-युनिट गाठा, पालघरकडे बहाडोली भागात किंवा कोसबाडच्या कृषी विज्ञान केंद्राला विचारून. जून टाळा, तेव्हा कुणाला बोलायला वेळ नसतो. ऑगस्टमध्ये जा, फ्रीजर भरलेले असतात. तीन गोष्टी विचारा: जुलैचं वीजबिल किती, मागच्या वर्षीचा गर किती उरलाय, आणि घेणारा पैसे किती दिवसांनी देतो. तिसऱ्या प्रश्नाला माणूस हसला, तर बसून सविस्तर ऐका.

आणि जून हातचा घालवू नका. दहा किलो फळ घ्या, गर काढा, बी आणि चोथा वेगळा तोला. जो उतारा येईल तोच अहवालात टाका, कोटेशनवाल्याने सांगितलेला नाही. मंजुरीपत्राचं मोरॅटोरियमचं पान नाव-खाते झाकून इथे टाकलंत तर अर्जाचा मजकूर कसा लिहायचा ते सांगतो.