ॲनोड म्हणजे 'धनाग्र' नव्हे

प्रश्न असा: ॲनोडला मराठीत धनाग्र म्हणतात, मग जस्त-तांब्याच्या विद्युतघटात (बॅटरीत) जस्ताचा ॲनोड ऋण कसा?

घट बरोबर आहे, शब्द चुकला आहे. विद्युतधारा जिथून द्रावणात शिरते तो ॲनोड, जिथून बाहेर पडते तो कॅथोड. विजेने चांदीचा मुलामा चढवताना ॲनोड धन असतो, घटातून वीज घेताना ऋण. हे शब्द रूढ करणाऱ्या ब्रिटिश शास्त्रज्ञ मायकेल फॅरडेने धन-ऋण मुद्दाम टाळलं होतं. आपल्या परिभाषाकारांनी नेमकं तेच शब्दात घुसडलं, आणि मुलांना 'धनाग्र ऋण असते' असलं काहीतरी घोकावं लागतं.

फॅरडे लोहाराचा मुलगा; पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारी करताना बांधायला आलेली पुस्तकं वाचून शिकला. ग्रीक येत नव्हतं, म्हणून १८३४ मध्ये त्याने केंब्रिजचा विद्वान विल्यम ह्यूएल याला पत्र लिहून शब्द विचारले. वीज खरोखर कुठल्या दिशेने वाहते हे तेव्हा ठरलेलं नव्हतं. उद्या मत बदललं तरी शब्द टिकायला हवे होते. मग त्याने पृथ्वीचा आधार घेतला. तिचं चुंबकत्व विजेमुळे असेल, तर ती वीज पूर्वेकडून पश्चिमेकडे, सूर्याच्या वाटेने फिरत असणार. द्रावण त्या दिशेत ठेवलं की प्रवाह शिरतो ती बाजू उगवतीची, निघतो ती मावळतीची. ग्रीक 'आना' म्हणजे वर, 'काता' खाली, 'होदोस' वाट. पुढे १८९७ मध्ये इलेक्ट्रॉन सापडला, तोही मानलेल्या प्रवाहाच्या उलट धावणारा, तरी हे शब्द जागचे हलले नाहीत!

'आयन' (विद्युतभारित कण) हा शब्दही त्याच पत्रव्यवहारातला. ग्रीक 'इऑन' म्हणजे जाणारं. आपल्याकडे धातुपाठात, म्हणजे संस्कृत क्रियामूळांच्या यादीत, 'इण् गतौ' ('इ' म्हणजे जाणे) आहे, त्यातूनच अयन: उत्तरायण, दक्षिणायन. पुन्हा सूर्याचंच जाणं! यावरून आयन संस्कृतातून उचलला असं ठासून सांगणारे विद्वान आहेत. ते साफ चूक आहेत. ह्यूएलने शब्द ग्रीकवरून घडवला. ग्रीक आणि संस्कृत धातू एकाच आजीच्या नाती, आणि मला हे नातं उसनवारीपेक्षा कितीतरी मोलाचं वाटतं.

तेव्हा ॲनोडला उदयाग्र, कॅथोडला अस्ताग्र म्हणावं. खरं तर 'अग्र' तरी कशाला? होदोस म्हणजे टोक नव्हे, वाट. उदयवाट, अस्तवाट, आणि दोन्हींचं सामाईक नाव असलेल्या इलेक्ट्रोडला सरळ वीजवाट.