किचनला लाकडी फ्लोअरिंग करू का?

लाकडी फ्लोअरिंग दिसतं झकास, पण स्वयंपाकघरात नको. पुण्याच्या पावसाळ्यात हवाच इतकी दमट की लाकूड फुगतं. लॅमिनेटचे, म्हणजे वर लाकडाचं चित्र चिकटवलेल्या दाबीव फळ्यांचे, तर सिंकपाशी सांधे आधी वर येतात. हौस बेडरूममध्ये भागवा.

किचनला व्हिट्रिफाइड टाइल (भट्टीत काचेसारखी घट्ट भाजलेली) घ्या, पाणी स्वतःच्या वजनाच्या अर्ध्या टक्क्याहूनही कमी शोषते. मात्र चकचकीत नको, मॅट घ्या. ग्लॉसीवर तेल सांडलं की घरातल्या आजी-आजोबांचं काही खरं नाही. दुकानात नमुन्यावर पाणी ओतून अनवाणी उभं राहून बघा, दुकानदार बघेना का! सांध्यांत पांढरं सिमेंट भरू देऊ नका, हळद बसली की निघत नाही. इपॉक्सी ग्राउटच, म्हणजे सांध्यांत भरायचा रेझिनचा मसाला, मागा, महाग पडलं तरी. आणि त्याच बॅचचा एक बॉक्स जास्तीचा घेऊन माळ्यावर टाका, पुढे तोच रंग मिळत नाही.