लोखंडाची खाण नाही, कोळसा नाही, तरी फौंड्री

प्रश्न : मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, विषय अर्थशास्त्र. विकसनशील देशाच्या आर्थिक वाढीला पोषक आणि मारक घटक असा धडा आहे. पोषक म्हणजे नैसर्गिक संपत्ती, भांडवल. मारक म्हणजे लोकसंख्या, निरक्षरता वगैरे. माझ्या वडिलांचं शिवाजी उद्यमनगरात दोन लेथ यंत्रांचं वर्कशॉप आहे. ते म्हणतात, "बिलाचे पैसे वेळेवर मिळू देत, देश आपसूक वाढतोय." खरं कोणाचं?
– एक विद्यार्थिनी, कोल्हापूर

उत्तर : परीक्षेत पुस्तकातलंच लिहा, मार्क तिथंच आहेत. पण नैसर्गिक संपत्तीला पहिला नंबर द्यायला मी तयार नाही. बँकेत लघुउद्योगांच्या कर्जाच्या टेबलावर माझी सगळी नोकरी झाली, आणि समोर येणारी निम्मी माणसं फौंड्रीवाली, म्हणजे लोखंड वितळवून साच्यात भाग ओतणारी. आपल्याकडं भट्टीत पडतं ते पिग आयर्न (कच्चं लोखंड), भंगार, कोक (भट्टीचा कोळसा), सगळं बाहेरून येतं. तरी जिल्ह्यात 300 च्या आसपास फौंड्र्या आहेत. कशा?

सुरुवात गुळापासून करा. 1891 साली मिरजेहून रेल्वे आली, 1895 साली शाहू महाराजांनी शाहूपुरीची बाजारपेठ वसवली. गूळ विकला जायला लागल्यावर ऊस वाढला. उसाला पाणी लागतं, म्हणजे इंजिन आणि पंप आले. गुऱ्हाळाला चरक लागतो. हे सगळं ऐन हंगामात मोडतं, आणि काहिलीखाली जाळ असताना सुटा भाग मुंबईहून यायची वाट कोण बघणार? दुरुस्त करणारा मेस्त्री हळूहळू तो भाग स्वतःच ओतायला लागला. गिऱ्हाईक शेजारी, माल मोडका, आणि हातात कसब. माझ्या मते वाढ सुरू होते ती इथं.

कसब एका कारखान्यात कोंडून राहिलं तर उपयोग नाही, ते पसरायला लागतं. बांगलादेशच्या तयार कपड्यांच्या उद्योगाचं उदाहरण बघा. 1979 मध्ये तिथल्या देश गारमेंट्स या कंपनीनं 130 कामगार दक्षिण कोरियात देवू कंपनीकडं शिकायला पाठवले. काही वर्षांत त्यातले बहुतेक जण नोकरी सोडून गेले. कुणी दुसऱ्या कारखान्यात, कुणी स्वतःचा काढून. त्या कंपनीचं नुकसान झालं म्हणा, देशाला मात्र तयार कपड्यांचा धंदा मिळाला.

आपल्या उद्यमनगरात हे जुनंच. एकदा एक मोल्डर, म्हणजे ओतकामाचे साचे करणारा, कर्ज मागायला आला, पेपरात गुंडाळलेलं पंपाचं इंपेलर (पाणी ढकलणारा पंखा) घेऊन. टेबलावर ठेवून त्यावर अंगठा फिरवत म्हणाला, "बघा साहेब, एक ब्लो होल नाही." म्हणजे ओतताना हवा अडकून पडलेलं छिद्र. अर्जावर 'तारण' हा रकाना रिकामा. जामीन कोण राहिला? ज्या मालकाकडं तो बारा वर्षं मोल्डिंग करत होता, तोच. मालकाला वाढत्या ऑर्डरी झेपत नव्हत्या, त्याला बाहेर भरवशाचा माणूस हवा होता. कर्ज मंजूर झालं, हप्तेही फिटले. असा मालक आणि असा कामगार एका गल्लीत भेटणं, याला पुस्तकात रकाना नाही.

खनिजाचं म्हणाल तर काँगोत जगातलं निम्म्याहून जास्त कोबाल्ट निघतं, आणि देश जगातल्या सर्वांत गरीब देशांत. बोट्सवाना 1966 ला स्वतंत्र झाला तेव्हा असाच कंगाल होता. पुढच्याच वर्षी हिरे सापडले. तिथल्या सरकारनं कंपनीकडून आपला वाटा नीट वसूल केला आणि तो रस्ते-शाळांवर घातला. फरक जमिनीखाली नव्हता, हिशेब ठेवणाऱ्यात होता. सरकारनं करायची कामं वेळखाऊ असतात, हेही खरं. राधानगरीच्या धरणाला शाहू महाराजांनी हात घातला, ते पुरं झालं स्वातंत्र्यानंतर. सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा हुकूम 1917 चा. अशा कामाचं फळ ते करणाऱ्याच्या कारकिर्दीत दिसतंच असं नाही, म्हणून निवडणुकीच्या हिशेबात ती बसत नाहीत.

मारक घटकांत लोकसंख्येआधी मी वीज आणि रस्ता लिहीन. विजेवर चालणाऱ्या इंडक्शन भट्टीत धातू वितळलेला असताना लाइट गेली आणि लवकर आली नाही, तर तो आतच थिजतो, भट्टीचं अस्तर गेलं, दिवस गेला. 2019 च्या ऑगस्टात पुरामुळं शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्ग कित्येक दिवस बंद होता. 2021 ला पुन्हा तेच. तयार कास्टिंग (ओतलेले भाग) इकडं, गिऱ्हाईकाच्या कारखान्याची लाइन तिकडं थांबलेली. दुसऱ्या गावचा पुरवठादार अशाच वेळी आत शिरतो.

आता तुमच्या वडिलांचं. दूध संघाला म्हशीचं दूध घालणाऱ्या बाईला दर दहा दिवसांनी बिल मिळतं. लेथवाल्यानं काम पुरं करून दिलं की पैसे नव्वद दिवसांनी, कधी एकशेवीस. तोवर कामगारांचा पगार, वीजबिल, टूल, सगळं कॅश क्रेडिटवर, म्हणजे बँकेच्या चालू कर्जावर. म्हणजे मोठ्या कंपनीला बिनव्याजी कर्ज देतोय दोन लेथवाला, तेही स्वतः व्याज भरून. नवं मशीन घ्यायला लागणारे पैसे असे अडकतात. तेव्हा वडिलांचं निम्मं खरं. उरलेलं निम्मं वीज, रस्ता आणि शाळा. वेळेवर पैसे मिळून ते सोडवता येत नाही.

प्रश्न : पैसे 45 दिवसांत द्यायचा कायदा आहे म्हणे. चालतो का?
– जॉबवर्क करणारा, गोकुळ शिरगाव

उत्तर : सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांचा कायदा 2006 चा आहे. लेखी करार असला तरी मुदत 45 दिवसांपलीकडं नेता येत नाही. करार नसेल तर 15. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट चक्रवाढ व्याज. तक्रारीसाठी सरकारनं 2017 ला 'समाधान' पोर्टल काढलं. पण चालू गिऱ्हाईकाविरुद्ध तक्रार करतो कोण? पुढची ऑर्डर जाते. त्यापेक्षा आयकरातला बदल जास्त चावतो. 2023-24 या आर्थिक वर्षापासून सूक्ष्म आणि लघु उद्योगाचं बिल मुदतीत दिलं नाही, तर प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत खरेदीदाराला तो खर्च वजा करता येत नाही. मार्चच्या आधी त्यांच्या अकाउंट्सकडून फोन येतो तो याचमुळं. म्हणून सरकारी 'उद्यम' नोंदणीचा नंबर प्रत्येक बिलावर छापा, आणि मालासोबतच्या चलनावर माल पोचल्याची तारीख व सही घेतल्याशिवाय गाडी परत बोलावू नका. मुदत त्या तारखेपासून मोजतात.