वस्तीतले लोक एकमेकांशी बोलतात, त्यातून वस्ती खरंच बदलते का? प्रबंधासाठी याचा अभ्यास कसा करावा?

बदलते. पण नुसतं बोलणं टिपून हाती काही लागत नाही. निरोप कुठून निघाला आणि कुठवर पोचला, ते बघावं लागतं.

एम.ए.च्या प्रबंधासाठी मी मुंबईच्या पूर्व उपनगरातल्या एका वस्तीत चार महिने जात होते. पहिले तीन आठवडे वाया गेले, कारण हातात प्रश्नावली होती. "शेजाऱ्यांशी किती वेळा बोलता?" असं विचारलं की उलट प्रश्न यायचा, "मॅडम, यादीत नाव येणार का?" त्यांचं काय चुकलं? कागद घेऊन दारात आलेला माणूस म्हणजे झोपडीच्या बदल्यात घर कुणाला मिळणार हे ठरवणारा पात्र-अपात्रचा सर्व्हे, १ जानेवारी २००० च्या आधीपासून इथे राहत असल्याचा पुरावा काढा. अशा माणसाशी कोण मोकळं बोलेल?

मग कागद पिशवीत टाकले आणि पहाटे पाण्याच्या वेळेला नळावर जाऊन बसले. तिथे एकच प्रश्न पुरला: "हे तुम्हाला कुणी सांगितलं?" मग जिचं नाव येईल त्या बाईकडे जायचं, तिला तेच विचारायचं. संडासाची टाकी तुंबल्याची तक्रार दोन गल्ल्या वेगवेगळी करत होत्या. रेशनच्या रांगेत या दोन गल्ल्यांतल्या दोघी बायकांना कळलं की टाकी एकच आहे. त्यानंतर अर्ज एकच गेला, सह्या दोन्हीकडच्या. मला प्रबंधाचा विषय त्या रांगेत मिळाला.

व्हॉट्सॲप ग्रुपच्या मागे फार लागू नका. आमच्या वस्तीत तरी तिथे सुप्रभात आणि वाढदिवसांचे बॅनरच जास्त. मंडळाच्या वार्ताफलकावर खडूनं काय लिहिलंय आणि ते कोण पुसतं, यात जास्त कळतं.

मुंबईतलंच, भायखळ्याच्या फुटपाथवर राहणाऱ्यांचं उदाहरण नक्की अभ्यासा. १९७६ च्या झोपडपट्टी गणनेत फुटपाथवरची माणसं धरलीच नव्हती. १९८५ मध्ये 'स्पार्क' संस्थेबरोबर त्यांची मोजणी झाली, सहा हजारांवर कुटुंबं निघाली. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयानं उपजीविकेचा हक्क मान्य केला, पण रीतसर नोटीस देऊन झोपड्या हटवायला मोकळीकही ठेवली. पुढे तिथल्या बायकांचं 'महिला मिलन' उभं राहिलं. त्यांच्यातलीच एक बाई रोज दारोदार फिरून बचतीचे रुपया-दोन रुपये गोळा करायची. माझ्या मते पैसा हे निमित्त. रोज प्रत्येक दारात कुणीतरी उभं राहतं आणि कोण आजारी, कुणाला नोटीस आली, हे पुढच्या दारात पोचतं, खरी कमाई ती. याच बायकांनी नंतर खऱ्या मापाच्या घराचा नमुना उभा केला. उंची १४ फूट, म्हणजे आत माळा निघतो. चाळीत किंवा झोपडीत राहिलेल्या माणसाला माळ्याची किंमत सांगावी लागत नाही.

एक चूक मात्र मी केली, ती तुम्ही करू नका. कोणाला कोणी सांगितलं याच्या रेघा मी वस्तीच्या नकाशावर मारत होते आणि शेवटपर्यंत एक गल्ली कोरीच राहिली. मला वाटलं, माझंच काम अपुरं आहे. प्रबंध दिल्यावर लक्षात आलं, ती सगळी भाडेकरूंची गल्ली होती. टाकीच्या अर्जावर त्यांची एकही सही नव्हती, कारण त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. तुमच्या नकाशात अशी गल्ली दिसली तर आधी तिथे जा.